छाती कुणाची धरायची?

मी टेप बोलतोय. गाणी वाजवणारा नव्हे हं, मोजायचा. आणि शिंप्याच्या गळ्यात लोळणारा मऊ टेपही नव्हे. मी पोलादाचा आहे, चामड्याच्या गोल डबीत राहतो आणि झाडांचा घेर मोजतो. माझ्या डोळ्यांदेखत एक अख्खं जंगल कागदावर जाडजूड झालं आणि पुन्हा बारीक झालं, त्याचीच ही हकिगत.

माझा जन्म कारखान्यातला. बालपण म्हणावं असं काही वाट्याला आलं नाही. एका बाईनं अंगावर रेघा छापल्या, दुसरीनं तपासल्या, की झालो मी मोठा! तिथून थेट जंगलखात्याच्या कपाटात पडलो, गोंदाच्या बाटलीशेजारी. चिकट शेजार! सुटका केली ती शिडींनी.

शिडी म्हणजे खात्यातले सगळ्यांत उंच वनरक्षक. हे नाव त्यांना कचेरीनं दिलेलं. ते रागवायचे नाहीत, उलट सगळ्यांना वरच्या फळीवरच्या फायली काढून द्यायचे. त्यांनी मला कमरेला अडकवलं आणि मी जन्मात पहिल्यांदा जंगल पाहिलं.

आमचं काम सांगतो, सोपं आहे. जंगलातलं एकन् एक झाड मोजत बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून ठिकठिकाणी तुकडे आखलेले असतात आणि त्यांतल्या झाडांवर क्रमांकाचे पत्रे ठोकलेले असतात. त्यांचा घेर मोजायचा, दहा वर्षांनी तीच झाडं पुन्हा मोजायची. मधल्या काळात जंगल जेवढं वाढलं तेवढंच पुढे तोडायचं, त्याहून काडीभरही जास्त नाही. या हिशोबाला आराखडा म्हणतात.

आता घेर घ्यायचा कुठे? झाड बुंध्याशी जाड असतं आणि वर निमुळतं होत जातं. म्हणून नियम असा, की छातीच्या उंचीवर मोजायचं. ही उंची जमिनीपासून नेमकी किती, तेही नियमाच्या पुस्तकात छापलेलं आहे. पण पुस्तक पडलं कचेरीत आणि छाती सदैव सोबत! शिडी आपले स्वतःच्या छातीसमोर मला झाडाभोवती गुंडाळायचे आणि आकडा वाचायचे. काम मात्र चोख. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणालेसुद्धा, "यांचा एक आकडा कधी चुकला नाही." त्या वाक्यावर शिडी पुढे कित्येक महिने खूश होते.

त्यांच्या जागी नेमणूक झाली त्यांच्याच मुलीची. परीक्षा देऊन, रीतसर. घरात तिला टिल्ली म्हणायचे, कारण उंचीच्या बाबतीत ती सगळी आईवर गेली होती. शिडींनी मला तिच्या हातात दिलं आणि बजावलं, "छातीवर धर, ताणून वाच, आळस करू नकोस." पोरगी आज्ञाधारक. तिनं छातीवर धरलं. स्वतःच्या.

मला फरक कळत होता हो! ओळखीची झाडं अंगाला जरा जास्तच भरलेली वाटत होती. पण टेपला विचारतो कोण?

दहा वर्षांपूर्वीचे शिडींचे आकडे आणि आताचे टिल्लीचे आकडे संगणकात शेजारी शेजारी बसले आणि साहेब खुर्चीतून उठलेच. "अरे वा! जंगल काय फोफावलंय!" वाढ भरपूर, म्हणजे तोडही भरपूर. आराखड्यात पहिला नंबर लागला वरच्या उताराचा. शिडींनी ज्याच्यासाठी वणव्यांत हात भाजून घेतले होते, रात्री-अपरात्री कुऱ्हाडवाल्यांशी भांडणं केली होती, तोच हा उतार. आराखड्यावर सह्या व्हायच्याच काय त्या राहिल्या होत्या.

त्या संध्याकाळी टिल्लीनं घरी बातमी सांगितली. मी टेबलावर, चहाच्या कपाशेजारी होतो. शिडींचा चेहरा बघवेना. जंगल वाढल्याचा आनंद मानावा की ते जाणार म्हणून रडावं, त्यांना कळेना.

"नियम तो नियम," ते कसेबसे म्हणाले. "वाढलंय तर तोडतील. बरं, उताराच्या तोंडाशी ते वठलेलं झाड होतं, साल गळून गेलेलं. पडलं का गं?"

"उभंय की अजून. मोजलं मी. त्याचाही घेर वाढलाय."

आई कप उचलत होती, ती थांबली. "अगं, मेल्यावर कुणी जाड होतं का?"

टिल्ली हसायला लागली आणि मध्येच तिचं हसू विरलं. मग दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, झालं! आता खापर माझ्या डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक त्या झाडाशी हजर. आधी टिल्लीनं मला आपल्या छातीसमोर गुंडाळलं. तिचाच आकडा आला.

"आण इकडे," म्हणत शिडींनी मला वर घेतलं, आपल्या छातीसमोर आणलं, ताणलं, चष्मा पुसला आणि वाचलं. आकडा टिल्लीपेक्षा कमी आला खरा, पण त्यांच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी जुळेना. त्यांनी पुन्हा वाचला, पुन्हा तोच.

"म्हणजे मी तेव्हा भलतंच लिहिलं?" ते म्हणाले. "मग सगळीच झाडं चुकली असतील. सगळी नोकरीच चुकली माझी."

मला फार वाईट वाटलं. हा माणूस पावसात डबी पुसून मग मला आत ठेवायचा.

टिल्लीनं एक दगड आणला, त्यावर चढली आणि मला वठलेल्या खोडावरून हळूहळू वर सरकवत नेलं. आकडा कमी कमी होत गेला. शिडींच्या छातीच्याही वर, चांगला वीतभर वर गेल्यावर तिचा हात थांबला. जुना आकडा अगदी तंतोतंत आला होता.

"बाबा, तुम्ही बरोबरच लिहिलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा तुमची छाती इथे होती."

शिडींनी मान वर करून पाहिलं. पाठ ताठ केली, टाचा उचलल्या. तिथवर पोचेनात.

"एवढा वाकलो मी?" ते म्हणाले. "तुझी आई बोलली नाही कधी." मग स्वतःच हसले, पण डोळे भरले होते.

तिथून ते घरी गेलेच नाहीत, तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, सह्या थांबवा. जंगल जाड नाही झालं, मोजणारं माणूस बुटकं झालंय!" साहेबांना आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "आकडे इतके गोड होते, की मी विचारलंच नाही."

मग टिल्लीनं वठलेल्या झाडावर आपला हात जिथे थांबला होता तेवढ्या उंचीची काठी तासली. बापाची जुनी उंची खांद्यावर टाकून ती तुकड्या-तुकड्यातून फिरली, आणि त्याच उंचीवर झाडं नव्यानं मोजली. जंगल वाढलं होतं, पण बेतानं. वरचा उतार तोडीतून वगळला गेला. पुढच्यांचे घोळ नकोत म्हणून पुस्तकातल्या मापाचीही एक काठी झाली, आणि आता ती प्रत्येकाला सक्तीची आहे.

माझं म्हणाल, तर माझे सुरुवातीचे आकडे पुसट झालेत आणि कपाटात नवा टेप आलाय. माझी तक्रार नाही. जंगलाचा हिशोब मांडणाऱ्यांना फक्त एक विनंती आहे. जरूर मोजा, न मोजता तोडण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण आकडा मनासारखा आला की आधी विचारा, कुणी मोजलं आणि कुठे धरून मोजलं.

नवा आराखडा टिल्लीनं घरी वाचून दाखवला, तेव्हा मी तिच्या कमरेला होतो. त्या झाडाची ओळ आली. "वठलेले. वाढ नाही. तोडू नये, पुढच्या मोजणीला लागेल."

शिडींनी चष्म्यावरून पाहिलं. "हे झाडाबद्दलच लिहिलंयस ना?"

"झाडाबद्दलच हो, बाबा," टिल्ली म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकण्यासाठी तिला आता टाचा उचलाव्या लागल्या नाहीत.