गल्ल्यावरची खुर्ची

“बर्री धम्मण्णा, कूड्री! बसून तर बघा की,” म्हणत चेतनने खुर्ची पुढे ओढली.

हुबळीतल्या कोप्पीकर रोडवरचं हे साड्यांचं दुकान आता चेतनच्या हाती आलं होतं. त्याने गाद्या काढून काचेचे काउंटर बसवले, साड्या नेसवलेले पुतळे उभे केले आणि गादीवर बसून साड्या दाखवण्यात जन्म काढलेल्या धम्मपालला गल्ल्यावर बसवायचं ठरवलं. एसीची हवा, हाताशी चहा, दुखऱ्या गुडघ्यांना आराम. कुणालाही हेवा वाटावा अशीच जागा! धम्मपाल बसला खरा, पण दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा. “उद्या सांगतो,” म्हणून तो घरी आला.

घरी लेक दीक्षाचंही तेच चाललं होतं. बेंगळुरूची कंपनी, की इथल्या दवाखान्यातली लॅब?

“आमच्या कॉलेजच्या मॅडम म्हणतात, कामात आपल्याला काय पाहिजे ते आधी बघा. मला शांतता पाहिजे, अप्पा. मी लॅबच धरणार. तुमाला काय पाहिजे होतं?”

धम्मपालला हसू आलं. उभ्या जन्मात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. वडिलांनी त्याला अळणावर गावच्या लाकडाच्या वखारीत चिकटवलं होतं. पण ओंडक्यांशी बोलणार काय, कपाळ! त्याने सरळ हुबळीची गाडी पकडली. पहिल्याच दिवशी थोरल्या मालकांनी, म्हणजे चेतनच्या वडिलांनी, त्याच्या खांद्यावर इरकलीचा पदर टाकला. “असंच दाखवायचं. तू लाजलास तर साडी लाजते!” समोरच्या बायका खदखदून हसल्या आणि पोरगं तिथेच रमलं. मग किती लग्नांचे बस्ते त्याच्यासमोर बांधले गेले! सासूला कन्नडमधून आणि सुनेला मराठीतून समजावता समजावता तो दोन्ही घरचा होऊन जाई. काय दिवस होते ते!

“माणसं पाहिजेत गं मला. समोर बसून बोलणारी.”

“गल्ल्यावर येतातच की.”

“येतात. पण तवर बोलणं संपलेलं असतंय.”

दुसऱ्या दिवशी त्याने नाही म्हणून सांगितलं. काउंटरला दिवसभर उभं राहणं गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, तेव्हा दुकानही सुटलं. चेतन बिचारा कोपऱ्यापर्यंत सोडायला आला.

मागच्या बोळात नारायणच्या साड्यांच्या लहानशा दुकानात अजून गादी होती. धम्मपाल तिथे साड्या दाखवायला पाय पसरून बसू लागला. गिऱ्हाईक तुरळक. एका दुपारी अळणावरची सरूबाई पायरीवर टेकली. “घ्यायचं न्हाई बघा काय. गाडीला वेळ हाय म्हणून आपलं नुसतं.”

“बघा की अक्का. बघायला काय!”

बघता बघता दोघांमध्ये साड्यांचा ढीग झाला. विकली एकही गेली नाही. सरूबाई पिशवी घेऊन उठली, तशी धम्मपालने हातातली घडी अर्धवट ठेवून विचारलं, “आणि धाकटी लेक कुठं दिली म्हणालात?”

सरूबाई परत बसली.