सिदोनीची भट्टी आणि माझा पाय

मित्रांनो, तुम्ही दमलात की भिंतीला टेकता. माझं उलटं आहे, इथे भिंतच मला टेकली आहे! मी उत्तर फ्रान्समधल्या एका गॉथिक चर्चचा जुना दगडी धिरा. गवंड्यांना मोठमोठ्या खिडक्या हव्या होत्या, म्हणून त्यांनी भिंती बारीक ठेवल्या. वरचं दगडी छत त्या भिंतींना सारखं बाहेर ढकलतं आणि मी बाहेरून कमानीचा हात लावून तो रेटा परतवतो. सातशे वर्षं झाली, मला एक डुलकीही घेता आलेली नाही.

आत रंगीत काचांचं कौतुक चाले, माझ्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. त्याचं मला एवढं वाटलं नाही. पण लोक माझ्या पायाचे दगड पळवू लागले, तेव्हा जीव थाऱ्यावर राहीना. एक दगड चीज दाबायला वजन म्हणून गेला, एक कुणाच्या उंबऱ्याला. पायाशी पोकळी झाली, तिच्यात सिदोनी पाववालीच्या आजीने भट्टी घातली. सिदोनीने ती आणखी कोरली. मी तसूतसूने बाहेर सरकत होतो आणि मला ओरडता येत नव्हतं.

एके दिवशी आत सिदोनीच्या नातीचा बाप्तिस्मा चालला होता. छतातून चुना भुरभुरला आणि मुठीएवढा दगड पाण्याच्या कुंडात पडला.

“जुने गवंडीच कामचुकार!” कुणीतरी म्हणालं.

फादर ओनेझिम धावत बाहेर आले. माझ्या अंगावरची चीर थेट भट्टीपर्यंत उतरली होती.

“सिदोनीबाई, भट्टी मोडावी लागेल.”

“वा! आणि गावाने काय दगड चावायचे? पाव काय तुमच्या प्रवचनावर भाजणार?”

“मग पोरीला परत आत आणू नका.”

पोरीच्या टोपड्यावर चुना होता. तो सिदोनीने फुंकून झाडला.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः भट्टीवर घण घातला. मग ती दारोदार फिरली.

“एतिएन, उंबऱ्याचा दगड काढ.”

“काकू, मग पाय कुठे ठेवू?”

“चिखलात ठेव!”

दगड परत आले आणि माझ्या पायाची पोकळी बुजली. एकाला अजून चीजचा वास येतो. सिदोनी आता शेजारच्या गावाहून पाव आणते आणि दर घासाला त्याला नावं ठेवते.

मित्रांनो, जो मुकाट्याने भार पेलतो, त्याच्या पायाखालचं काही नेऊ नका. माझी बेचैनी काही गेलेली नाही, वरचा रेटा तसाच आहे. पण सिदोनीची नात खेळून दमली की माझ्या पायाला टेकते. तेव्हा मी आणखी जोर लावतो.