सारंगाच्या पुस्तकाला फुटलेला कोंब

कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या कापडे गावात मी नुसतं ‘पाऊस येतोय’ म्हटलं तरी लोक अंगणात जाऊन हात पसरून बघतात. पण त्रेसष्ट सालच्या श्रावणात एका पुस्तकाला बांबूचा कोंब फुटला, तो मी या डोळ्यांनी पाहिला.

पुस्तक विलायती, चित्रांचं. पानोपानी चौकोन, चौकोनात मारामाऱ्या, आणि माणसांच्या तोंडातून निघालेले ढगासारखे फुगे. ते महाडच्या हैदरनं माझ्याकडे आणलं. हैदर बोटीवर आगवाला, भट्टीत कोळसा मारायचा. पुस्तक त्याच्या सारंगाचं, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचं. कोणाला पुढच्या बोटीवर घ्यायचं नि कोणाला घरी बसवायचं, ते सारंगाच्या हातात.

“येसाजी, ह्याच्या पिना बघ,” हैदर म्हणाला.

आधी समुद्राची खारी हवा, वर आमचा पावसाळा. पाठीवरच्या दोन्ही तारेच्या पिना गंजून फुगल्या होत्या, भोवतीचा कागद तपकिरी पडला होता.

“ओढायला गेलो तर पान फाटतंय. तू पत्रावळी लावतोस, तुझा हात हलका. गंज काढ नि परत टाचून दे. एक पान जरी कमी भरलं ना, सारंग मला बोटीवर पाय ठेवू द्यायचा नाय. नऊ दिवसांनी बोट हाय.”

हात हलका, हे खरंच. गावात लग्न असो की बारसं, पत्रावळ माझ्या हातची. पायातला काटा काढायच्या चिमट्यानं मी आधी पुस्तक मधोमध उघडून पिनांचे वाकलेले पाय सरळ केले, मग पाठीकडून एकेक पिन अलगद उपसली. गंजाची भुकटी कोंबडीच्या पिसानं झाडली. इथवर तर बायकोसुद्धा साक्ष देईल.

आठव्या दिवशी हैदर पुस्तक न्यायला आला. ओटीवर बसला, पानं मोजली, पुन्हा मोजली, आणि त्याचा चेहरा उतरला.

“मधला ताव कुठाय रे? चार पानं कमी भरतायत.”

मी पानाचा डबा पुढे सरकवला नि सुरू झालो.

“हैदरभाई, पिना काढल्या, आता टाचायचं कशानं? तार परत गंजणार. मग घेतल्या आपल्या चोया.” चोया म्हणजे बांबूच्या बारीक काड्या, पत्रावळीची पानं त्यांनीच टाचतात. “पान कडक असलं की आम्ही पाणी शिंपडतो, नायतर टाचताना चिरतं. सवयीनं पुस्तकावरही शिंपडलं. बांबू ओला, पुस्तक ओलं, त्यात श्रावण! सकाळी बघतो तर मधल्या तावातनं कोंब. हा एवढा!”

“पुस्तकातनं?”

“दुपारी आढ्याला लागला. मी कोयता उचलला, तर चित्रातला तो घोड्यावरचा टोपीवाला माझ्यावरच पिस्तूल रोखून! हात चालंना. तेवढ्यात शेजारच्या चांगूची बकरी आली नि कोंबासकट ताव खाऊन गेली. तीन दिवस बिचारी इंग्रजीत ओरडत होती.”

हैदर हसला, पण बोटं पानंच चाळत राहिली.

“येसाजी, सारंगाला मी बकरी सांगू?” त्यानं पुस्तक मांडीवर ठेवलं. “सोळा वर्षं झाली रे कोळसा मारतोय. दुसरं काय येतंय मला?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ म्हणजे कशेडी घाटाच्या उताराला लागलेला ट्रक.

“सांग की! चांगूला साक्षीला ने. बकरीलाच ने, सारंगासमोर दोन शब्द बोलंल—”

“अवो, पुरे!” आतून सूप आपटल्याचा आवाज आला, मागोमाग आमची बयाबाई दारात. “चांगूकडं बकरी कधी होती? म्हशी हायत त्याच्याकडं, दोन. हैदरभाऊ, तुमी आत या बघू. तुमचा कागद ह्यांनी चुलीजवळच्या भिंतीला भाताच्या शितांनी चिकटवलाय, त्या मेल्या घोडेवाल्यापायी. जेवताना त्याच्याकडं बघत बसतात, आमटी गार होते. कडेनं पाणी लावलं की सुटतोय. मी सकाळीच एक कोपरा सोडवून बघितला.”