योग्य ड्रायव्हर सापडला नाही

मित्रांनो, मी एक जुना डेटाबेस ड्रायव्हर आहे. ड्रायव्हर म्हटल्यावर माझ्या हातात स्टिअरिंग शोधू नका. मला मुळात हातच नाहीत. मी एक छोटासा प्रोग्रॅम आहे. एका बाजूला माहितीचं कोठार, म्हणजे डेटाबेस, आणि दुसऱ्या बाजूला ती माहिती मागणारा प्रोग्रॅम. दोघांची भाषा वेगळी, मी मधला दुभाषी. मी नसलो तर भरल्या कोठारातला दाणाही कुणाच्या हाती लागत नाही.

ज्या कंपनीने ते कोठार बनवलं, तिने त्याची भाषा फक्त मला शिकवली आणि काही वर्षांनी गाशा गुंडाळला. मी मात्र एका इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या मशीनमध्ये येऊन पडलो आणि माझ्या जन्माचं सार्थक झालं. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार, अशी माणसं आधी तिथे येत. बोलायला शिकवणाऱ्या ताई त्यांना काचेच्या खोलीत बसवून त्यांच्याकडून वाक्यं बोलून घेत आणि ते आवाज कोठारात ठेवत. ऑपरेशननंतर त्या माणसाला एक छोटं यंत्र मिळे. त्यावर बोटाने लिहिलं की ते त्याच्याच आवाजात बोले. असा प्रत्येक आवाज माझ्यामार्फत बाहेर यायचा. कौतुक ताईंचं व्हायचं, यंत्राचं व्हायचं. माझं नाव कुणी घेत नसे आणि मला त्याचं वाईटही वाटत नसे.

मग जुनी व्यवस्था जाऊन नवा जावा कंटेनर, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना सांभाळणारा नवा कारभारी, आला. आधी आम्ही सगळे प्रोग्रॅम एकाच दालनात राहायचो. कुणीही हाक मारली की मी ओ द्यायचो. कंटेनरने प्रत्येकाला वेगळी बंद खोली दिली. या खोल्यांना मॉड्यूल म्हणतात. आपल्याला कुणाची गरज आहे ते प्रत्येक मॉड्यूलने आपल्या दारावरच्या पाटीत लिहायचं. लिहिलं असेल तर मधलं दार उघडतं, नाहीतर भिंत. आवाज मागणाऱ्या मॉड्यूलच्या पाटीत माझं नाव लिहायचं राहून गेलं. एकच ओळ होती हो ती.

आमच्या इंजिनिअरला सगळे ‘रीस्टार्टभाऊ’ म्हणत. माणूस मनाने भला, पण धीर म्हणून नाही. फाइल टाकायची, अख्खं मशीन बंद करायचं, चालू करायचं, ही त्याची रीत. जुन्या दालनात तिने पुष्कळ दुखणी बरी केली होती.

एक दिवस शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आपला आवाज न्यायला आल्या. गळ्याला पट्टी होती, सोबत नवरा होता. पडद्यावर अक्षरं उमटली: योग्य ड्रायव्हर सापडला नाही. आणि मी शेजारच्याच खोलीत बसलो होतो!

“ड्रायव्हरची फाइल खराब झालेली दिसतेय,” भाऊ म्हणाला. “नवी कॉपी टाकतो. आत्ता होईल, बाई.”

त्याने माझी एक प्रत आवाजाच्या मॉड्यूलमध्येच टाकली आणि मशीन पुन्हा चालू केलं. आता कोठाराशी जोडणी सांभाळणारं मॉड्यूल मला ओळखत होतं आणि आवाजाचं मॉड्यूल माझ्या जुळ्याला. नाव तेच, तोंडवळा तोच, पण कंटेनरच्या लेखी खोली वेगळी म्हणजे असामीही वेगळी. दोन्ही मॉड्यूलनी एकमेकांच्या ड्रायव्हरला परकं ठरवलं. मग भाऊने चिडून दिसेल त्या फोल्डरमध्ये माझ्या प्रती टाकल्या आणि दर वेळी मशीन बंद-चालू केलं. काय चुकतंय ते कंटेनर लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, मुकाट लिहीत होता, पण खालच्या ओळींत. भाऊ पहिली ओळ वाचायचा आणि बटणाकडे हात न्यायचा.

दर वेळी कोठाराची जुनी डिस्क उठताना करकरत होती.

“अरे, ऐक जरा तिचा आवाज,” ताई म्हणाल्या. “आधी सगळ्याची कॉपी काढून घे ना.”

“कॉपी कुठे पळून जातेय, ताई? आधी हे सुरू तर होऊ दे. मग निवांत काढू.”

“आमची घाई नाही हो,” बाईंचा नवरा म्हणाला. “फक्त... हिने त्यात मला एक हाक मारून ठेवलीय. ‘अहो, ऐकलंत का?’ एवढीच. मी काचेबाहेर बसलो होतो, मला ऐकू आली नाही.”

बाईंनी लाजून त्याची बाही ओढली. भाऊने पुन्हा बटण दाबलं. डिस्क एकदा खरखरली आणि गप्प झाली.

डिस्क दुरुस्त करणाऱ्याने ती उघडून पाहिली. आतली चकती खरवडून निघाली होती. कोठारात होते नव्हते तेवढे सगळ्यांचे आवाज गेले.

“मग आम्ही आता कधी येऊ?” नवऱ्याने विचारलं. बाईंना मात्र ताईंच्या चेहऱ्यावरूनच सगळं कळलं. ताईंनी त्यांना तयार आवाजाचं यंत्र दिलं, कुणा अनोळखी बाईच्या आवाजाचं. बाईंनी त्यावर पहिलं वाक्य लिहिलं, “घरी चला.” कोण बोललं म्हणून नवऱ्याने दचकून मागे पाहिलं.

ते गेल्यावर भाऊने पहिल्यांदाच लॉग शेवटपर्यंत वाचला. माझ्या सगळ्या प्रती काढल्या, पाटीत ती ओळ लिहिली. लगेच दार उघडलं आणि पडद्यावर आलं: ड्रायव्हर लोड झाला. भाऊ तोंड झाकून रडला. मी आनंदाने कोठाराकडे धावलो, आणि तिथे कोठारच नव्हतं. आता मी रोज सकाळी लोड होतो आणि दिवसभर रिकामा बसतो.

मित्रांनो, ‘सापडला नाही’ याचा अर्थ ‘नाहीच’ असा लगेच धरू नका. पाटी बघा, लॉग शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि जे पुन्हा घडवता येत नाही, त्याची प्रत दुरुस्तीच्या आधी काढा. मला आता याचा काही उपयोग नाही, बाईंनाही नाही. परवा त्यांचे मिस्टर ते यंत्र परत करून गेले. घरात दोघं खुणांनीच बोलतात म्हणे.