क्रियापद नसलेली चिठ्ठी

अडुसष्टाव्या वर्षी सायकलवर सामान बांधून निघालेल्या बाईला पाहून लोक दोन प्रकारे वागतात. काही म्हणतात, "कमाल आहे हं तुमची!" आणि काही तोंडावर गप्प बसून पाठ वळली की कपाळाला हात लावतात. मला दुसऱ्या प्रकारचे बरे वाटतात. पहिल्यांना उत्तर द्यावं लागतं.

निघाले मी माझ्या हौसेनं नाही, भाचीच्या हट्टानं. भाची म्हणजे ताईची मुलगी. वय चाळीस, शाळेत भूगोल शिकवते आणि घरीही तोच शिकवते. महिन्याअखेरीस ताई कायमची लेकाकडे राहायला जाणार आहे. लेक राहतो इतक्या लांब की तिथून पुन्हा येणं-जाणं ताईच्या गुडघ्यांना या जन्मी जमायचं नाही. भाची म्हणाली, मावशी, त्याआधी आईशी एकदा नीट बोल. मी म्हटलं, बोलते की, लग्नाकार्यात भेटलो की बोलतोच. ती म्हणाली, 'काय कशी आहेस, बरी आहे' याला बोलणं म्हणत नाहीत. मग तिनं पवित्रा बदलला. नाही बोलायचं तर निदान तुम्ही दोघी तेव्हा जिथं गेला होतात ती तळी तरी मला दाखव, म्हणाली. सायकलीवरून. हा सापळा आहे हे मला कळत होतं. पण तळी म्हटलं की माझा पाय आपोआप पॅडलवर जातो, त्याला मी तरी काय करणार?

छत्तीस वर्षांपूर्वी मी आणि ताई असंच निघालो होतो. मी बत्तीस, ती सदतीस. ही भाची चार वर्षांची, तिला बापाच्या गळ्यात घालून ताई आली होती. सायकली लोखंडी, गियर वगैरे लाड नव्हते. चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं. सात तळी एकामागून एक, मधून अरुंद रस्ते, दोन्हीकडे पाणकणसं माणूसभर वाढलेली. पाणी दिसायच्या आधी त्याचा वास यायचा, ओल्या गवताचा आणि चिखलाचा. ताई कायम पुढे. तिची ती ताठ, लांब पाठ, कॅरियरवर दोरीनं बांधलेली वळकटी आणि वळणावर मागे न बघता उचललेला डावा हात. चार दिवस मी ती पाठ बघत सायकल चालवली. आयुष्यात मी त्याहून सुखी कधी होते असं मला आठवत नाही.

ताई तार ऑफिसात होती. सगळा दिवस लोकांचे शब्द कापायची. 'मी उद्या सकाळच्या गाडीने येत आहे' असं कुणी लिहून आणलं की ही 'उद्या सकाळी' ठेवायची आणि बाकीचं खोडायची. ती सवय घरी आली. जेवायला बसलं की "मीठ." झोपताना "दिवा." आई म्हणायची, हिच्या तोंडात क्रियापद टिकतच नाही. आणि मी छापखान्यात मुद्रितशोधक. तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून समासात खुणा करणं हा माझा धंदा. माझी सवयही घरी आली. घरात मला टाचणी म्हणायचे. कारण सांगायला नकोच.

पाचव्या दिवशी, सोमवारी, माझं चाक बसलं. पंक्चर काढलं, ट्यूब घातली आणि पाहतो तर पंप नाही. आदल्या मुक्कामी राहिला होता. कुणी विसरला? मी म्हटलं तू. ती म्हणाली "तू." अर्धा तास आम्ही दोन शहाण्या बायका एका भिकार पंपावरून रस्त्यात भांडत होतो. शेवटी एका दूधवाल्यानं आपल्या पंपानं हवा भरून दिली आणि सुटकेचा निःश्वास टाकून निघून गेला. पण तोवर आमची गाडी पंपावरून फार पुढे गेली होती. ती म्हणाली, तुला जन्मभर दुसऱ्यांच्या चुकाच दिसणार. एवढं मोठं वाक्य ती बऱ्याच वर्षांत बोलली नव्हती. मग मीही म्हटलं, तू माणसांशी बोलत नाहीस, तारा करतेस, तुझ्या पोरीला आई आहे की तार ऑफिस? हे मी बोलायला नको होतं. बोलले त्याच क्षणी मला ते कळलं होतं.

पुढे फाटा होता. डावीकडचा रस्ता मोठ्या तळ्याच्या धक्क्यावर त्याच दिवशी पोचवायचा, उजवीकडचा तळ्याला लांबचा वळसा घालून दोन दिवसांनी. धक्क्यावरून नावेनं पलीकडच्या काठाला जायचं, सायकली नावेत घालून, हा सहलीचा शेवट आम्ही फार आधीपासून ठरवला होता. लहानपणी भिंतीवरच्या नकाशात ते तळं बघून 'पलीकडे काय असेल गं?' असं मी तिला विचारायचे. त्या दिवशी ताई डावीकडे वळली. हात उचलला नाही. मी नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन उजवीकडे गेले.

बुधवारी दुपारी बारा वाजता मी धक्क्यावर पोचले. दोन दिवसांत राग उतरला होता. खोटं कशाला सांगू, शेवटचे दोन मैल मी माफी कशी मागायची त्याची वाक्यं जुळवत होते आणि मनातल्या मनात तपासत होते. धक्क्यावर लाकडी शेड होती. तिच्या फळीवर येणारे-जाणारे निरोप लावून ठेवायचे. एका खिळ्यावर ताईच्या अक्षरातली चिठ्ठी होती.

'टाचणी, परवा नावेनं पलीकडे. ताई.'

परवा. म्हणजे सोमवारी. म्हणजे भांडलो त्याच दिवशी ही बया इथं आली, नावेत बसली आणि माझ्याशिवाय पलीकडे गेलीसुद्धा! एक दिवस थांबवलं नाही तिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चिठ्ठी उपटून खिशात घातली, कुणाला काही विचारलं नाही, सायकल वळवली आणि आल्या रस्त्यानं घरी. रस्ताभर रडले. रागानं रडले असं मी स्वतःला सांगत होते. घरी आल्यावर ताईकडून चौकशी नाही, पत्र नाही. मग मीही मूग गिळून बसले. बघता बघता त्याची छत्तीस वर्षं झाली.

तर या सोमवारी सकाळी मी आणि भाची त्याच धक्क्यावर पोचलो. शेड तीच, फक्त छताचा पत्रा नवा. पाणी तेवढंच करडं आणि शांत, काठाशी बदकं, पलीकडचा काठ धुक्यात पुसट. सायकल स्टँडला लावली आणि मला एकदम पुढे ती ताठ पाठ नाही हे जाणवलं. चार दिवस भाची माझ्या मागून येत होती, म्हातारीला सांभाळत. पुढे कुणी नव्हतंच. जिवंत माणसाची इतकी आठवण यावी याची मला लाज वाटली.

भाचीनं डब्यातून उकडलेली अंडी काढली आणि म्हणाली, आता सांग, झालं काय होतं. मी सांगितलं. वर पाकिटातून चिठ्ठी काढून दाखवली. हो, आहे माझ्याजवळ. शब्दकोशात ठेवलेली असते, येताना घेतली होती. कशाला घेतली ते मला विचारू नका.

भाचीनं अंडं सोलता सोलता ती वाचली. वाचून म्हणाली, "मग तू थांबली का नाहीस?"

मी म्हटलं, कुणासाठी थांबू? परवाच गेली म्हणून लिहिलंय की स्पष्ट.

"गेली कुठं लिहिलंय? जाणार असं लिहिलंय."

मी तिच्या हातातून चिठ्ठी ओढून घेतली. त्यात गेलीही नव्हतं आणि जाणारही नव्हतं. क्रियापदच नव्हतं. पण मी सहजी हार मानणारी नव्हे. मी तिला हिशेबानं समजावलं की भांडण सोमवारी झालं, ताई सोमवारी संध्याकाळी इथं आली, मी आले बुधवारी, बुधवारचा परवा म्हणजे सोमवार, सगळं बरोबर बसतं. भाची म्हणाली, पण आईनं लिहिली सोमवारी. सोमवारचा परवा म्हणजे बुधवार. तेही बरोबर बसतं. मी म्हटलं, तसं शब्दांशी खेळून काहीही बसवता येतं. ती उठली आणि शेडच्या भिंतीकडे बघत राहिली.

तिथं पत्र्याची जुनी पाटी होती. गंजलेली, कोपरा गेलेला, पण अक्षरं ठोकून उठवलेली, त्यामुळे शाबूत. आता नाव रोज सुटते, म्हणून ती पाटी कुणी बघत नाही आणि काढतही नाही.

'नाव : बुधवार व शनिवार, दुपारी ४.'

भाची हळू आवाजात म्हणाली, "मावशी, सोमवारी नाव नव्हतीच गं."

मी पाटी तीनदा वाचली. एक-एक अक्षर, प्रूफ वाचावं तसं. ती पाटी चिठ्ठीच्या खिळ्यापासून हातभर अंतरावर होती. तीस वर्षं मी लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ पकडले, एक अनुस्वार सुटला तर जीव खालीवर व्हायचा, आणि ज्या दिवशी वाचायचं होतं त्या दिवशी माझं डोकं वर झालं नाही. बुधवारी बारा वाजता मी गेले. चार वाजता नाव होती. ताई इथंच कुठंतरी होती. मी धक्क्याच्या फळ्यांवर बसले आणि रडले. या खेपेला रागाचा बहाणा नव्हता.

भाचीनं पाणी दिलं. मग काही न विचारता ताईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. घंटा वाजत होती तेवढ्यात मी वाक्यं जुळवायला लागले, पण एकही जुळलं नाही.

"ताई, मी धक्क्यावर आहे," मी म्हटलं. "मोठ्या तळ्याच्या."

"उशीर," ताई म्हणाली.

मी म्हटलं, मी तेव्हा आले होते. बुधवारी, बाराला.

"माहितेय. खिळ्यावर चिठ्ठी नव्हती. म्हणजे येऊन, वाचून गेलीस."

ती कुठं होती, मी विचारलं. गावात, म्हणाली. चार वाजता नाव आली ती तिनं सोडली. शनिवारचीही सोडली. रविवारी एकटी घरी निघाली. पलीकडे ती कधी गेलीच नाही. आणि मी वाचूनही निघून गेले, म्हणजे मला तिचं तोंड बघायचं नाही, असं तिनं धरलं. हे सगळं तिनं मोजून दहा-बारा शब्दांत सांगितलं.

"गावात कशाला गेली होतीस?" मी विचारलं.

"पंप आणायला."

पण जात्या खोडीला औषध नाही. मी म्हटलं, बाई, एक क्रियापद घातलं असतंस तर काय बोटं झिजली असती? आणि मग लगेच म्हटलं, चूक माझी आहे, ताई. पाटी होती समोर. मी वाचली नाही. तुझ्याबद्दल मी वाईटच वाचायला बसले होते. ही माफीही तेव्हाच मागायची होती, आणि तुझ्या लेकीवरून बोलले त्याचीही.

फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. भाची पाठ वळवून बदकांना अंड्याचा पिवळा बलक टाकत होती आणि डोळे पुसत होती.

मग ताई म्हणाली, "तिथंच थांब. जावई गाडीनं सोडतील. परवा येते मी. नावेनं पलीकडे जाऊ."

इतकी क्रियापदं ताईच्या तोंडून मी एका दमात कधी ऐकली नव्हती. तरीही मी विचारलंच, या वयात पुन्हा धोका कोण पत्करणार?

"कुठला परवा?"

"येणारा गं, टाचणे," ताई म्हणाली.