वणीच्या टॉवरचे चार चॅनेल

"तेजस्विनी, चार वाजेपर्यंत वणीच्या टॉवरला हात लावायचा नाही," महेश सर फोनवर म्हणाले. "नवं इंटरनेट बघायला आलेले पाहुणे इथं वणीत माझ्याजवळच उभे आहेत. फोटो त्यांच्या मोबाइलवर झरकन उतरला पाहिजे."

"सर, लोकांचे कॉल लागत नाहीयेत. गडावर यात्रा आहे."

"पुन्हा लावतील. अर्ध्या तासाचा तर प्रश्न."

नाशिकच्या ऑफिसात तिच्यासमोरच्या पडद्यावर अडलेल्या कॉलमुळे वणीचा टॉवर लालभडक झाला होता. दोन हजार पाच साल. ज्या चॅनेलवरून मोबाइलचं इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चालायचं, त्याच चॅनेलवरून ‘एज’च्या नव्या तंत्रानं तिप्पट मजकूर जाणार होता. कॉल आणि इंटरनेट दोन्हींना मिळून चॅनेल मात्र होते तेवढेच. एरवी कॉल आला की डेटा बाजूला सरायचा. आज पाहुण्यांसमोर तो सरू नये म्हणून सकाळी तिनंच चार चॅनेल डेटासाठी अडवून ठेवले होते.

वडील, पुंजा, वणीत नारळ विकत. आई भागीबाई गुडघे सुजलेले असूनही आज त्यांच्याबरोबर गडावर निघाली होती. तेजस्विनीनं वडिलांना फोन लावला. सर्व लाइन व्यस्त. तहान नसताना ती उठून पाणी प्यायली. परत लावला. व्यस्त. तेच वाक्य आत्ता किती माणसं ऐकत असतील, कुणाचं पोर गर्दीत हरवलं असेल, या विचारानं तिला खुर्चीत बसवेना.

तिनं घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला अजून वीस मिनिटं होती. तिनं चारही चॅनेल कॉलसाठी मोकळे केले.

पडद्यावरचा लाल रंग हळूहळू उतरला. तोच तिचा मोबाइल वाजला.

"कवापासून लावतोय गं," वडील म्हणाले. "तुझी आई पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली. मला फोनच लागंना कुणाला. मग एका जीपवाल्यानं घातलं गाडीत. दवाखान्यात हाय."

"शुद्धीवर आहे का?"

"हाय. बोलाया नाय येत अजून. तोंड वाकडं झालंय." मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "गर्दी लय हाय ना, त्यानं लाइन मिळत नसंल."

तिनं पडद्यावरच्या, आत्ता मोकळ्या केलेल्या चार चॅनेलकडे पाहिलं.

टेबलावरचा फोन वाजू लागला. महेश सर असणार; पाहुण्यांचा फोटो अर्ध्यावर अडला असणार.

"अण्णा, आईच्या कानाला लावा," ती म्हणाली.

पलीकडून आईचा श्वास ऐकू येऊ लागला, जड आणि तुटक. टेबलावरचा फोन वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. ती टेबलाकडे पाठ करून उभी राहिली आणि आईला, जेवलीस का, म्हणून विचारत राहिली.