जयवंतांचा आवाज माझ्यात राहतो

अंगठ्याच्या नखावर ठेवले तर मी नखाबाहेर थोडेसेच डोकावेन, इतके माझे अंग लहान आहे. रंग काळा, एक कड किंचित कापलेली आणि पाठीवर सोनेरी पट्ट्यांची रांग. मित्रांनो, मी एक जुने मेमरी कार्ड आहे. भोईवाड्यातल्या एका चाळीत, जयवंत नावाच्या गृहस्थांच्या फोनमध्ये मी राहतो.

माझा जन्म वाळूतून झाला. वाळू वितळवून, शुद्ध करून तिच्यातून चकाकणारी चकती काढतात आणि त्या चकतीवर अब्जावधी कप्पे कोरतात. कप्पे इतके बारीक असतात की डोळ्यांना ते दिसत नाहीत. प्रत्येक कप्प्यात थोडेसे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे, एवढेच माझे काम. कुठे जास्त, कुठे कमी. वीज गेली तरी ते बाहेर पळत नाहीत. या जास्त आणि कमीतूनच गाणी, चित्रे, अक्षरे होतात. मला ते कळत नाही. नदीच्या तळाला तरी वरच्या होडीत कोण बसले आहे हे कुठे कळते?

माझी पहिली वर्षे राधा मॅडमच्या कॅमेऱ्यात गेली. त्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारताना त्या झाडांचे फोटो काढत. पर्जन्यवृक्षाची मिटलेली पाने, सालीवरचे शेवाळ, एका फांदीवर बसलेली घार. माझ्यात तेव्हा सगळा हिरवा उजेड भरलेला असे, असे मला वाटते. मग नवा कॅमेरा आला आणि मी खणात पडलो. संपलेले सेल, जुन्या किल्ल्या, शिंपल्याची बटणे अशी सोबत होती. विजेशिवाय मला दिवस आणि रात्र नसतात. फक्त एक लांब, मऊ अंधार असतो.

त्या अंधारातून मला प्राचीने बाहेर काढले.

प्राची ही राधा मॅडमची जुनी विद्यार्थिनी आणि जयवंतांची मुलगी. जयवंत आधी एका छापखान्यात नोकरीला होते, पण परळ-लालबागमध्ये त्यांना ओळखत ते त्यांच्या आवाजामुळे. मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत माईक त्यांच्याच हातात असे. ते बोलायला लागले की गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायकासुद्धा थांबत. पुढे त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढून टाकण्यावाचून इलाज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. श्वास मानेला केलेल्या छिद्रातून घ्यायचा आणि बोलणे बंद.

रुग्णालयात वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी प्राचीला एक वाट दाखवली. शस्त्रक्रियेआधी बाबांचा आवाज साठवून ठेवा, असे त्या म्हणाल्या. फोनसाठी एक ॲप होते. त्यात रंगीत चौकोन असतात, प्रत्येक चौकोनात एक वाक्य भरायचे. मग चौकोन दाबला की माणूस आपल्याच आवाजात बोलतो.

अडचण अशी की जयवंतांच्या अँड्रॉइड फोनमध्ये तसूभर जागा उरली नव्हती. जुन्या सामन्यांच्या चित्रफितींनी तो भरून गेला होता. त्या पुसू या, असे प्राची म्हणाली. जयवंतांनी फोन छातीशी धरला.

"त्यातले अर्धे खेळाडू गेले. आता फोनमधूनही घालवू?"

त्यावर प्राचीने चित्रफितींचा विषय सोडून दिला. ती राधा मॅडमकडे गेली. मॅडमनी झाडांचे फोटो आपल्या संगणकात उतरवून घेतले आणि मला तिच्या तळहातावर ठेवले.

इथे मला तुम्हांला एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. कार्ड फोनमध्ये दोन प्रकारे राहू शकते. एक म्हणजे पाहुण्यासारखे. आज या फोनमध्ये, उद्या दुसऱ्या. पाहुण्याकडचे सामान कुणालाही वाचता येते. दुसरा प्रकार म्हणजे घरचे होऊन राहणे. प्रत्येक फोनला हे जमत नाही, जयवंतांच्या फोनला जमत होते. त्यात फोन आधी कार्डाची पाटी कोरी करतो. मग एक गुप्त किल्ली तयार करून स्वतःपाशी ठेवतो आणि त्यानंतर जे काही लिहितो ते त्या किल्लीने उलटसुलट करून लिहितो. ॲप आणि त्यांचे सामान मग कार्डावर राहू शकते, जणू फोनला एक खोली वाढवली. पण ती खोली फक्त त्याच फोनला उघडते. दुसऱ्या फोनला माझ्यात नुसते धुके दिसते. मलाही धुकेच दिसते. मी आवाज सांभाळतो, पण एकट्याने तो मला ऐकू येत नाही.

प्राचीने मला घरचे केले. पर्जन्यवृक्षाची पाने गेली, घार उडाली, आणि रिकाम्या कप्प्यांत जयवंतांचा आवाज उतरू लागला.

ती संध्याकाळ मला अजून स्वप्नासारखी आठवते. पंखा बंद केला होता. खोलीत जयवंत, त्यांच्या पत्नी सुभद्राबाई, प्राची, आणि जयवंतांचे बालमित्र बुधाजी. बुधाजी एकेकाळी मंडळाकडून पकड करायचे, आता मैदानाची व्यवस्था बघतात. जयवंत एकेक वाक्य बोलत होते. पाणी हवे. दुखतेय. दार लावा. नको. चल. एका वाक्यात मागे कुकरची शिट्टी आली, ती तशीच राहिली. मग त्यांनी "सुभद्रा, चहा" असे नेहमीच्या हुकमी सुरात म्हटले, तेव्हा सुभद्राबाईंनी थांबवले.

"जन्मभर ह्योच सूर ऐकूचो आसा, तर जरा गोड बोला."

सगळे हसले. जयवंतांनी ते वाक्य तीनदा म्हटले, तेव्हा कुठे पसंत पडले. शेवटी बुधाजींनी आग्रह धरला म्हणून त्यांनी मैदानावरची वाक्येही भरली. चढाईला येतोय. गुण मिळाला. पकड यशस्वी. त्या वाक्यांच्या वेळी ते उभे राहिले होते. बसून ती म्हणता येत नाहीत, असे ते म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली. जयवंत बरे झाले, चौकोन दाबून बोलायला शिकले. चहा गोड सुरात मागू लागले. पण ते घराबाहेर पडत नसत. मानेवरचे छिद्र पांढऱ्या रुमालाने झाकून खिडकीशी बसत. मंडळाची स्पर्धा जवळ आली तेव्हा बुधाजी रोज विचारायला यायचे आणि जयवंत रोज तोच चौकोन दाबायचे. नको.

मग बुधाजींनी आपल्या मनाने एक गोष्ट ठरवली. माणूस येत नसेल तर निदान त्याचा आवाज मैदानावर न्यावा. प्राचीने कार्ड फोनमध्ये कसे बसवले हे त्यांनी पाहिले होते. कॅसेट एका टेपमधून काढून दुसऱ्यात घालतात, तसेच हे असणार. लाऊडस्पीकरवर अचानक जयवंताचा आवाज घुमला की तो खिडकीत बसल्याबसल्या ऐकेल आणि खूश होईल. स्पर्धेच्या दिवशी दुपारी जयवंत झोपलेले, सुभद्राबाई मोरीत भांडी घासत होत्या. बुधाजींनी शर्टाची सेफ्टीपिन काढली, फोनच्या कडेच्या छिद्रात टोचली आणि मला रुमालाच्या गाठीत बांधून नेले.

मित्रांनो, त्यात वाईट हेतू कणभरही नव्हता. म्हणूनच बुधाजींच्या मनातही त्यांना अडवणारे काही नव्हते.

पुढचे मला नंतर इतरांच्या बोलण्यातून कळले, कारण विजेबाहेर मी झोपेत असतो.

जयवंत जागे झाले. त्यांना पाणी हवे होते. चौकोन दाबायला गेले तर ॲपच नव्हते. त्यांनी फोन झटकला, पुन्हा दाबला. मग त्यांनी पेला टेबलावर आपटायला सुरुवात केली. सुभद्राबाई ओल्या हातांनी धावत आल्या. त्यांना वाटले, श्वास अडकला. त्या मानेवरचा रुमाल काढून बघू लागल्या, आणि जयवंत त्यांचे हात बाजूला सारत फोनकडे बोट दाखवू लागले. काय झाले आहे, हे सांगायचे साधनच गेले होते.

प्राची शीवला, ती नोकरी करते त्या प्रयोगशाळेत होती. आईचा फोन आला तेव्हा तिने आधी कार्डाची जागा बघायला सांगितले. ती रिकामी होती.  प्राची हळू आवाजात म्हणाली, "आई, ते दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तो कार्ड पुसू का विचारेल, आणि कुणी हो म्हटलं, तर बाबांचा आवाज संपला. दुसरी प्रत मी केलेलीच नाहीये."

दुपारी कोण येऊन गेले, हे सुभद्राबाईंना ठाऊक होते. त्यांनी बुधाजींना फोन लावला. पण मैदानावर ढोलांचा गजर सुरू होता, आणि घंटी नुसतीच वाजत राहिली.

मग जयवंत उठले. चपला घातल्या, फोन मुठीत धरला आणि कितीतरी महिन्यांनी जिना उतरू लागले. मानेवरचा रुमाल खाटेवरच राहिला.

तिकडे मैदानाच्या कडेला अजित बसला होता. लाऊडस्पीकरचे काम त्याच्याकडे असते. बुधाजींनी गाठ सोडून मला त्याच्या हातात दिले. त्याच्या यंत्राने मला ओळखले नाही. म्हणून त्याने मला स्वतःच्या फोनमध्ये घातले. वीज आली, मी जागा झालो, पण समोर परके घर होते. त्या फोनने माझ्यात पाहिले आणि त्याला धुके दिसले.

"काका, कोरं आहे हे," अजित म्हणाला. "फोन फॉरमॅट करायला सांगतोय. करू?"

"कोरं कसं असेल? माझ्या देखत बोललाय तो."

"मग खराब झालं असेल. फॉरमॅट केलं की साफ होईल, आवाज परत भरा."

अजितचे बोट पडद्यावरच्या हो या शब्दापर्यंत आले होते. माझे अब्जावधी कप्पे, प्रत्येकातले ते थोडेसे इलेक्ट्रॉन, सगळे जसेच्या तसे होते, आणि ते कुणालाच दिसत नव्हते. मला ओरडता आले असते तरी मी कुठल्या भाषेत ओरडलो असतो?

बुधाजींनी त्याचे मनगट धरले.

"परत कुठनं भरू रे? तो आता बोलत नाही."

अजितने बोट मागे घेतले. बुधाजींनी मला काढून घेतले आणि ते घराकडे निघाले. धावणे त्यांना जमत नाही, गुडघा कबड्डीतच गेलेला, तरी ते धावले.

दोघे मित्र देवळाच्या पायऱ्यांपाशी समोरासमोर आले. जयवंतांची मान उघडी होती. येणारे-जाणारे बघत होते. बुधाजींनी त्यांच्या हातून फोन घेतला, सेफ्टीपिनने खाच उघडली आणि मला जागेवर बसवले. फोन बंद करून पुन्हा चालू केला. दोघे पायरीवर बसून पडद्याकडे बघत राहिले. मला किल्ली फिरल्यासारखे वाटले. धुके हलले, विरळ झाले, आणि चौकोन एकेक करून रंगात आले.

बुधाजींना रडू आवरत नव्हते. ते आपला रुमाल जयवंतांच्या मानेला गुंडाळायला पुढे झाले.

"नको," जयवंतांचा आवाज म्हणाला.

बुधाजींनी हात मागे घेतला. माझ्याकडे रागाचे वाक्य नव्हते. ते भरायचे कुणाला सुचलेच नव्हते. जयवंत बराच वेळ चौकोनांवरून बोट फिरवत राहिले, कधी वर, कधी खाली. मैदानाकडून शिट्टी ऐकू आली. त्यांनी मान वळवून तिकडे पाहिले, आणि दुसरा चौकोन दाबला.

"चल."

बुधाजी घराच्या दिशेने वळले. जयवंत मैदानाच्या.

अजितने माईक फोनपाशी धरला आणि भोईवाड्यावर तो आवाज पसरला. "चढाईला येतोय..." गॅलऱ्यांमध्ये माणसे उभी राहिली. पण पुढे शांतता. यंदाच्या मुलांची नावे माझ्यात नव्हती. तेव्हा बुधाजींनी माईकमध्ये तोंड घालून फाटक्या आवाजात म्हटले, "हितेंद्र!" मग जयवंतांनी दाबले, "गुण मिळाला." असे ते दोघे मिळून बोलू लागले. जयवंतांना चौकोन शोधायला वेळ लागे, आणि मीही काही वेगवान कार्ड नाही. पहिल्या दोन-तीन वेळा चढाई करणारा परत आला तरी घोषणा झालेली नसे. मग पंच शिट्टी वाजवण्याआधी जयवंतांच्या बोटाकडे बघू लागले. रेषेवर खेळाडू पाय रोवून उभा, तोंडात शिट्टी धरलेले पंच, आणि सगळे मैदान एका बोटाची वाट बघत स्तब्ध. ती स्तब्धता मी कुठल्याच कप्प्यात साठवलेली नाही, तरी ती माझ्यात आहे.

संध्याकाळी प्राची आली आणि तिने सगळी वाक्ये आणखी दोन ठिकाणी उतरवून घेतली. आता मी एकटा नाही, याचे मला दुःख नाही. उलट झोप निवांत लागते. मित्रांनो, आमच्यासारख्या कार्डांचे आयुष्य मोजके असते. लिहिता-पुसता आमचे कप्पे झिजतात. म्हणून जे पुन्हा मिळणार नाही, ते कधीही एकाच ठिकाणी ठेवू नका. चालू फोनमधून आम्हांला ओढून काढू नका. फोन कोरे म्हणाला तरी लगेच हो म्हणू नका.

आणि कुणाचा आवाज कुठे न्यावासा वाटला, तर त्याच्या दारात जा आणि त्याला विचारा. तो नको म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला जा.